परतीच्या धातूत अडकलेला नफा: कोल्हापूर पट्ट्यातल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा कोल्हापूरचा फाउंड्री पट्टा. उसाला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांचे भाग ओतता ओतता हा धंदा वाढला आणि आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांच्या कास्टिंगवर चालतो. या प्रकरणातली फाउंड्री याच पट्ट्यातली. नाव दिलेलं नाही आणि ओळख पटू नये म्हणून आकडे पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत.

मालक दोघे भाऊ. थोरला विक्री आणि बँक बघतो, धाकटा शॉपमध्ये असतो. भट्टी ७५० किलोवॅटची इंडक्शन, एक-एक टनाची दोन क्रूसिबल. ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (मॅग्नेशियमने ग्रॅफाइट गोल केलेलं, जास्त चिवट) मिळून ४१ पार्ट चालू. सर्वांत मोठा ग्राहक ट्रॅक्टर क्षेत्रातला. विक्रीतला ५४% वाटा एकट्या त्याचा.

२०२०-२१ मध्ये ३,००० टन चांगलं कास्टिंग गेलं, सरासरी ८२ रुपये किलोने. उलाढाल २४.६ कोटी. पुढच्या वर्षी ३,६०० टन, ९८ रुपयांनी, ३५.३ कोटी. एका वर्षात उलाढाल ४३% वाढली. दिवाळीला बोनस चांगला झाला, बँकेच्या मॅनेजरने स्वतःहून फोन केला.

अडचण

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) काठोकाठ भरलं आणि पगार चार दिवस लांबला. व्याज, घसारा, कर धरण्याआधीचा नफा आदल्या वर्षी २.२ कोटी होता, तो या वर्षी २.१ कोटी निघाला. टक्केवारीत ९ वरून ६. इतका माल ओतला, तो कोणासाठी, हा प्रश्न धाकट्याने विचारला. थोरल्याचं म्हणणं, माल अजून कमी पडतोय म्हणून नफा दिसत नाही, व्हॉल्यूम वाढवू. इथून पुढे दोघांचा वाद चालला. त्यातून जे आकडे बाहेर आले ते असे.

पहिली गळती दरातली. ग्राहकाबरोबर कच्च्या मालाचा दर तिमाहीला ठरायचा आणि तोही एक तिमाही मागे. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप चढत होतं तेव्हा फाउंड्री आजच्या भावाने घेत होती आणि तीन महिन्यांपूर्वीच्या भावाने विकत होती. सलग तीन तिमाह्या किलोमागे सरासरी ३ रुपये वसूल झाले नाहीत. तिमाहीला ९०० टन, म्हणजे २७ लाख. तीन तिमाह्यांचे ८१ लाख. नफ्याच्या टक्केवारीतली बहुतेक घट एवढ्यातच आली.

दुसरी गळती येणी. आदल्या वर्षी ग्राहकाकडून पैसे यायला सरासरी ७८ दिवस लागत होते, ते ९६ झाले. जीएसटी वगळून धरलं तरी येणी ५.३ कोटींवरून ९.३ कोटींवर गेली. वर्षभराचा नफा २.१ कोटी आणि ग्राहकांकडे नव्याने अडकले ४ कोटी. वाढीचा पैसा कोणी दिला, तर कॅश क्रेडिटने. वर जीएसटीचा भरणा पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत.

तिसरी गळती भट्टीपाशी होती आणि ती कोणत्याच ताळेबंदात दिसत नव्हती.

बॉक्समध्ये, म्हणजे वाळूच्या साच्यात, १०० किलो रस (वितळलेलं लोखंड) ओतला की ५८ किलोच कास्टिंग निघायचं (याला यील्ड म्हणतात). उरलेले ४२ किलो रनर, रायझर, गेटिंग, म्हणजे रस आत नेणाऱ्या वाटा आणि आकुंचन भरून काढणारे साठे. ते तोडून परत भट्टीत. शिवाय तयार कास्टिंगमधलं ८% रिजेक्ट, तेही परत भट्टीत. लोखंड वाया जात नाही, परत वितळतं, म्हणून याला कोणी तोटा म्हणत नव्हतं. रोज सकाळी फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करण्याच्या विभागाच्या) बाहेर रायझरचा कंबरेएवढा ढीग असायचा आणि लोडर तो उचलून न्यायचा, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

हिशेब मांडला तेव्हा असं निघालं: १ टन चांगलं कास्टिंग द्यायला १.८७ टन रस लागतो (०.५८ गुणिले ०.९२, त्याने १ ला भागायचं). टनभर रसाला भट्टी ६२० युनिट खाते. ८.५० रुपये दराने ५,२७० रुपये. वितळताना साडेतीन टक्के धातू जळतो, त्याचे सुमारे १,६०० रुपये. लायनिंग, मॅग्नेशियम, फेरो-अलॉय, मजुरी धरून आणखी ३,०००. म्हणजे एक टन लोखंड नुसतं पुन्हा वितळवायला ९,९०० रुपयांच्या आसपास. आणि भट्टी दिवसाला साधारण २२ टनच रस देते. परतीचा प्रत्येक टन चांगल्या मालाची जागा अडवतो.

सगळं मिळून धंद्यात १४ कोटी गुंतलेले: ६ कोटी यंत्रं-इमारत, ८ कोटी खेळतं भांडवल. घसारा वजा जाता नफा १.४ कोटी. परतावा १०%. बँकेचं व्याज सव्वानऊ. पाऊण टक्क्यासाठी १४० माणसं आणि तीन पाळ्या.

पर्याय

पहिला पर्याय बाहेरून चालत आला. मोठ्या ग्राहकाने सांगितलं की त्याच्या एकट्याच्या मालातच महिन्याला दीडशे टनांची भर घालता येईल, तयारी करा. त्यासाठी नवी हाय-प्रेशर मोल्डिंग लाइन, दुसरी भट्टी, सँड प्लांट आणि वाढीव वीजभार. अंदाज १४ कोटी, त्यातलं १० कोटी मुदत कर्ज. थोरल्याचा कल इकडे. पट्ट्यात मान लाइनच्या आकाराला असतो, ही गोष्ट कागदावर येत नाही पण निर्णयात असतेच.

कागद असा: वाढीव १,८०० टन, किलोमागे १८ रुपये उरतात, म्हणजे ३.२ कोटी. नवा स्थिर खर्च ९० लाख, घसारा १.१ कोटी. हाती १.२ कोटी. गुंतवणूक मात्र १४ कोटी आणि वाढीव येण्यांचे ४ कोटी मिळून १८ कोटी. परतावा पावणेसात टक्के, तोही लाइन पहिल्या दिवसापासून भरलेली धरून. ट्रॅक्टरची मागणी पावसावर हलते, हे कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही. आणि ग्राहकाचं आश्वासन तोंडी होतं; शेड्यूल पुढच्या तीनच महिन्यांचं, तेही बदलणारं.

आणखी एक बाब चार्टर्ड अकाउंटंटने दाखवली. २०२० च्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्री १० कोटींपर्यंत आणि उलाढाल ५० कोटींपर्यंत असेल तर उद्योग ‘लघु’. नवी लाइन आली की ‘मध्यम’. आणि २००६ च्या एमएसएमई कायद्यातलं ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे. ज्याची येणी ९६ दिवसांवर गेली आहेत त्याने ते संरक्षण सोडायचं का?

दुसरा पर्याय: एकही भट्टी न घेता यील्ड आणि रिजेक्शनवर काम करायचं. तिसरा: कच्चं कास्टिंग विकण्याऐवजी मशीनिंग करून विकायचं, चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं) आणि तपासणीची साधनं मिळून १.७ कोटी. चौथा: काहीच न करता दर वाढवून मागायचा. चौथ्यावर दोन बैठका गेल्या आणि ग्राहकाच्या खरेदी विभागाने पाच मिनिटांत विषय संपवला.

निर्णय

एप्रिल २०२२ मध्ये दुसरा आणि तिसरा पर्याय धरला, पहिला ‘वर्षभर थांबू’ म्हणून ठेवला. थोरला नाराज होता. त्याला वळवणारी गोष्ट परताव्याची टक्केवारी नव्हती. धाकट्याने एवढंच दाखवलं की यील्ड ६४ आणि रिजेक्शन ५ वर आलं तर याच भट्टीतून महिन्याला ३०० ऐवजी ३४२ टन निघतात. बेचाळीस टनांची भट्टी फुकट.

महिनाभरात, ४ मे २०२२ ला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाह्य मानकाला जोडलेली असल्याने ही वाढ थेट त्यांच्या हप्त्यावर येते. १० कोटींवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला २५ लाख. हे आधी कोणी ओळखलं नव्हतं. निर्णय बरोबर ठरण्यात थोडा नशिबाचाही हात आहे.

काय केलं

रिजेक्शनपासून सुरुवात. तोवर रोजचा एकच आकडा लिहिला जायचा: आठ टक्के. तो पार्टप्रमाणे, दोषाप्रमाणे आणि पाळीप्रमाणे लिहायला लावला. सहा आठवड्यांत दिसलं की ४१ पैकी ६ पार्ट एकूण रिजेक्शनच्या साठ टक्क्यांना जबाबदार आहेत. दोन गोष्टी वरचेवर येत होत्या.

एक, ब्लोहोल (कास्टिंगमधले वायूचे पोकळ डाग). कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, आदल्या दिवशी करून उघड्या रॅकवर ठेवायचे. कोल्हापूरच्या जुलैत ते ओल धरतात, रस पडला की वाफ कास्टिंगमध्ये अडकते. उपाय साधा: कोअरवर तारीख-वेळ खडूने लिहायची, पावसाळ्यात बारा तासांवरचा कोअर वापरायचा नाही, कोअर शॉपला दार आणि हीटर. ग्रीन सँडचा (साच्याच्या ओल्या वाळूचा) ओलावा तासाला तपासून ३.२ ते ३.८ टक्क्यांत ठेवायचा. आधी हे मुठीत वाळू दाबून ठरायचं. जुन्या मिस्त्रींची मूठ अचूक होती, पण ते एकाच पाळीला असायचे.

दोन, एसजी आयर्नमधलं मॅग्नेशियम उतरणं. लॅडलमध्ये (रस न्यायच्या भांड्यात) मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की घड्याळ सुरू होतं. वेळ गेला की ग्रॅफाइट गोल राहत नाही. ५०० किलोचं लॅडल लाइनच्या टोकापर्यंत रिकामं व्हायला बारा-तेरा मिनिटं लागत होती. लॅडल ३०० किलोचं केलं, आठ मिनिटांची मर्यादा घातली. मर्यादा ओलांडली की उरलेला रस एसजी पार्टला ओतायचा नाही. पहिल्या महिन्यात यामुळे परतीचा धातू वाढला आणि सगळे वैतागले. तिसऱ्या महिन्यात एसजीचं रिजेक्शन निम्म्यावर आलं.

यील्डचं काम संथ. रायझरचा आकार कमी करताना आकुंचनाची पोकळी कास्टिंगमध्ये आली तर होतं नव्हतं ते जातं. म्हणून आधी संगणकावरचं सिम्युलेशन बाहेरून करून घेतलं, मग ५० नग, मग ५०० नग. काही पार्टला एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायझरला उष्णता देणारं वेष्टण) लावून रायझर लहान झाला. स्लीव्हचा खर्च परतीच्या धातूपेक्षा कमी पडतो की नाही हे प्रत्येक पार्टला वेगळं बघावं लागलं आणि तीन पार्टना तो जास्त पडला, तिथे सोडून दिलं. चार पार्टना बॉक्समध्ये दोनऐवजी तीन नग बसवले. सगळं होईपर्यंत चौदा महिने गेले.

वीज. त्या वेळच्या टाइम-ऑफ-डे दरात संध्याकाळी ६ ते १० युनिटमागे १ रुपया १० पैसे जादा आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया सूट होती. फाउंड्री मात्र उलट चालत होती: संध्याकाळी जोरात भट्टी आणि पहाटे दोननंतर शांतता. चार तास हलवले तर महिन्याला ७८,००० युनिट, युनिटमागे २.६० रुपये, दोन लाखांची बचत. लायनिंगची डागडुजी आणि मेंटेनन्स संध्याकाळी ठेवला. पहिल्याच महिन्यात पहाटेच्या पाळीत कोल्ड शट (रस थंड पडून नीट न जुळलेले सांधे) वाढले, कारण ओतण्याचं तापमान बघणारा सुपरवायझर त्या वेळी नव्हता. शेवटी निम्मेच तास हलले आणि बचत एक लाखाच्या आसपास स्थिरावली.

मशीनिंग. १४ किलोचं ब्रेक हाउसिंग कच्चं १,३७२ रुपयांना जायचं, मशीन करून १,७९०. वरच्या ४१८ रुपयांपैकी ऑपरेटर, टूल, वीज यांत १७० जातात, २४८ उरतात. चार मशीनवर दोन पाळ्यांत महिन्याला २,६०० नग बसायला हवे होते. पहिले सात महिने १,४०० च्या वर गेले नाहीत. फिक्स्चर (पार्ट मशीनवर पकडायची चौकट) दोनदा बदलावं लागलं आणि व्हीएमसी चालवणारी मुलं सहा महिन्यांत पुण्याला जात. मग गावातली आयटीआयची मुलं घेऊन शिकवली आणि वर्षाच्या शेवटी टिकून राहिल्याचा भत्ता ठेवला. एक फायदा मात्र लगेच मिळाला. कातडीखालचे दोष आधी ग्राहकाच्या मशीनवर उघडे पडायचे आणि मशीनिंगच्या खर्चासकट डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) यायची. आता ते स्वतःच्याच शॉपमध्ये दिसू लागले, तेही दुसऱ्या दिवशी.

येणी. ९६ दिवसांची फोड केली तेव्हा ग्राहक ‘पैसे देत नाही’ हे अर्धंच खरं निघालं. करार ६० दिवसांचा, पण दिवस मोजायचे जीआरएनपासून, म्हणजे ग्राहकाने माल मिळाल्याची नोंद केल्यापासून. माल गेटवर तपासणीसाठी सरासरी नऊ दिवस पडून, म्हणून जीआरएन उशिरा. दर सुधारल्यानंतरची फरकाची बिलं वेगळ्या टेबलावर. आणि एका डेबिट नोटेवर वाद असला की अख्खं बिल थांबलेलं. एक माणूस फक्त यासाठी नेमला: आठवड्यातून दोनदा ग्राहकाच्या प्लांटवर जायचं, प्रत्येक चलनाचा जीआरएन नंबर वहीत उतरवायचा, वादाची रक्कम तेवढी बाजूला काढून बाकी बिल पुढे सरकवायचं. या एका पगाराने सतरा-अठरा दिवस कमी केले. इतका स्वस्त पैसा कोणत्याही बँकेने दिला नसता.

बिलं ट्रेड्सवर (लघु उद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) टाकायचाही प्रयत्न झाला. मोठ्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे, बिल मान्य करणं नाही. मोठा ग्राहक तयार झाला नाही, पंपवाला झाला. त्याची बिलं कॅश क्रेडिटपेक्षा दोन टक्क्यांनी स्वस्त वटली. उशिराच्या पैशांवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा कायदेशीर हक्क भावांनी वापरला नाही. पट्ट्यात तो सहसा कोणी वापरत नाही. ५४% माल घेणाऱ्यावर दावा लावून धंदा चालत नाही.

निकाल

२०२३-२४ मध्ये यील्ड ६२.५, रिजेक्शन ५.५. ठरवलेलं ६४ आणि ५ गाठलं नाही, तरी टनामागे रस १.८७ वरून १.६९ वर आला. किलोमागे १ रुपया ८० पैसे, वर्षाला ७० लाख. त्याच भट्टीतून ३,९५० टन माल निघाला. उलाढाल ४१ कोटी, नफा ४.१ कोटी, म्हणजे १०%. येणी ६८ दिवस. गुंतलेलं भांडवल १३.४ कोटी, त्यावरचा परतावा २४%. दोन वर्षांत उलाढाल १६ टक्के वाढली आणि नफा दुपटीच्या जवळ गेला.

६८ दिवसांचा आकडा मात्र जपून वाचावा. आयकर कायद्याचं ४३बी(एच) कलम २०२३-२४ पासून लागू झालं: सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अनेक जुनी बिलं अचानक निघाली. जूनमध्ये हीच येणी ७४ दिवसांवर होती. खरा आकडा तोच.

तोटाही झाला. वाढीव माल ग्राहकाने दुसऱ्या फाउंड्रीकडे वळवला. त्याचा या फाउंड्रीतला वाटा ५४ वरून ४६ टक्क्यांवर आला, आणि दोन नवे पार्ट, ज्यांत मार्जिन बरं होतं, विचारलेसुद्धा गेले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

दराचं सूत्र. मासिक दराचा आग्रह भावांनी जून २०२२ मध्ये धरला आणि तो मान्यही झाला. पण सरकारने २२ मे २०२२ पासून पिग आयर्नसह पोलादावर १५% निर्यात शुल्क लावलं होतं आणि भाव उतरणीला लागले होते. जुन्या तिमाही पद्धतीत उतरत्या भावात फाउंड्रीला फायदा झाला असता, तो सुमारे २० लाखांचा हातचा गेला. सूत्र मागायची वेळ आधीची होती, भाव चढू लागले तेव्हाची. भाव शिखरावरून उतरू लागले असताना ग्राहक इतक्या आनंदाने मासिक दर का मान्य करतोय, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीच विचारला नाही.

मशीनिंग चारऐवजी दोन मशीनने सुरू करायला हवं होतं. सात महिने निम्मी रिकामी मशीनं उभी राहिली आणि त्यांचा हप्ता चालू होता.

यील्डचे आकडे २०१९ मध्येही काढता आले असते. सगळी माहिती मेल्टिंगच्या लॉगबुकात होती. वीजबिल आणि डिस्पॅचचं वजन शेजारी ठेवून बघणारं कोणी नव्हतं, कारण लॉगबुक शॉपमध्ये आणि वीजबिल ऑफिसात.

१ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीसाठी २५ कोटी आणि उलाढालीसाठी १०० कोटी झाली. नव्या लाइनमुळे ‘मध्यम’ होण्याची अडचण उरली नाही, म्हणून थोरल्याने तेच कोटेशन पुन्हा मागवलं. या वेळी ग्राहकाकडे बारा महिन्यांचं लेखी शेड्यूल आणि पॅटर्नचा निम्मा खर्च मागितला आहे. उत्तर आलेलं नाही.